जुन्या मोटरहोमचे सुटे भाग काढताय? मग या चुका टाळा

एखादी जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, मोडीत निघते आणि चार हौशी मंडळी तिचे भाग सोडवायला जमतात, हे मला मनापासून आवडतं. बंद झालेल्या मॉडेलच्या दाराची कडी, खिडकीचा बिजागर, छतावरच्या झडपेचं झाकण या गोष्टी नव्या मिळतच नाहीत. मिळाल्या तर अशाच एखाद्या गाडीतून मिळतात. म्हणूनच कोणी आल्या आल्या कटर चालू केला की माझा जीव तुटतो. कटरने गाडी लवकर रिकामी होते हे खरं, पण त्यातून निघालेल्या निम्म्या वस्तू कुणाच्याच गाडीत बसत नाहीत.

सगळ्यात आधी वायरींबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

नवखा माणूस उपकरण काढताना वायर कनेक्टरच्या अगदी मुळाशी कापतो. दोन मिनिटांत काम झालं म्हणून खूशही होतो. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने पाणी तापवायच्या हीटरचं सर्किट बोर्ड असंच काढलं होतं. बोर्ड चांगलं होतं, पण त्याला जेमतेम बोटाच्या पेराएवढे वायरचे तुकडे उरले होते. ज्याच्या वाट्याला ते आलं, त्याने तुकड्यांचे रंग पाहून अंदाज बांधला. साध्या मोटारीत काळी वायर निगेटिव्ह असते, म्हणून इथेही काळी निगेटिव्हला लावली. गाडी अमेरिकी बनावटीची होती. तिकडच्या मोटरहोममध्ये घराच्या बाजूच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये पांढरी वायर निगेटिव्ह असते आणि काळी बऱ्याचदा पॉझिटिव्ह. त्यात ‘फक्त चालतंय का बघतो’ म्हणून त्याने मध्ये फ्यूज न घालता थेट बॅटरीवर जोडणी केली. बोर्डातून धूर निघाला आणि विषय संपला. इतक्या वर्षांत न बिघडलेली वस्तू एका पक्कडीमुळे गेली. भिंतीत राहिलेलं वायरचं दुसरं टोक आणि त्याचं जोडीचं कनेक्टर सोबत आलं असतं, तर रंगावरून अंदाज बांधायची वेळच आली नसती.

माझी सवय सांगतो. कापण्याआधी प्रत्येक वायरला दोन ठिकाणी मास्किंग टेपची चिठ्ठी लावायची, दोन्हीवर एकच आकडा लिहायचा, फोटो काढायचा आणि मग हातभर वायर ठेवून दोन चिठ्ठ्यांच्या मधे कापायचं. जोडीचं कनेक्टर मागे सोडायचं नाही. फ्यूजची पेटी सगळ्यात शेवटी काढायची, कारण तिच्या झाकणामागे चिकटवलेला कागद म्हणजे अख्ख्या गाडीचा नकाशा असतो. तो कागद फाटला की पुढचं सगळं काम अंधारात. ‘एवढं कशाला, नंतर मल्टीमीटरने शोधू’ असं म्हणणारे मला दरवेळी भेटतात. नंतर शोधायला बसलेला मात्र त्यांच्यातला एकही मी पाहिलेला नाही.

याला जोडूनच एक. बॅटरी काढली म्हणजे वीज गेली असं समजू नका. मोटरहोममध्ये साधारणपणे दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात, एक इंजिनासाठी आणि एक आतल्या घरासाठी, आणि लोक एकच काढून कामाला लागतात. दोन्ही सोडवा, आधी निगेटिव्ह. बाहेरून वीज घ्यायची केबल लावलेली नाही ना, तेही बघा. छतावर सोलर पॅनल असेल तर बॅटरी नसतानाही उजेडात त्याच्या टोकांना व्होल्टेज असतं. पॅनलवर जाड पुठ्ठा किंवा ताडपत्री टाकल्याशिवाय त्याच्या वायरीला मी हात लावत नाही आणि दुसऱ्याला लावू देत नाही.

आता खिडक्या. माझ्या मते गाडीतला सगळ्यात मोलाचा ऐवज हाच आणि वायरींखालोखाल खराबी होते तीही याचीच.

ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या खिडकीला आतून एक कडं असतं. बाहेरची चौकट आणि आतलं कडं मिळून भिंतीला चिमटीत धरतात, आणि बाहेरच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, असते. आतले स्क्रू काढले, कडं उतरवलं, तरी खिडकी जागची हलत नाही, कारण ती चिकट टेप तिला धरून असते. इथे धीर सुटतो. कोणीतरी लोखंडी पहार आणतं, एका कोपऱ्यात घालून जोर लावतं आणि कोपरा वाकतो. वाकलेला कोपरा ठोकून सरळ केला तरी भिंतीला सपाट बसत नाही आणि पहिल्याच पावसात तिथून पाणी झिरपतं.

घाई न करता प्लास्टिकची पातळ पट्टी चौकटीखाली सरकवा आणि सगळ्या बाजूंनी थोडं थोडं फिरत राहा. एका जागी अडून बसू नका. ब्यूटाइलच्या लांबच लांब तारा सुटायला लागल्या की समजायचं, खिडकी येतेय. थंडीत ही टेप दगडासारखी होते, म्हणून खिडक्यांचं काम मी ऊन चढल्यावरच हातात घेतो. एक माणूस आत, एक बाहेर, आणि बाहेरच्याचे दोन्ही हात मोकळे हवेत. युरोपीय गाड्यांमधल्या खिडक्या बऱ्याचदा ॲक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, असतात. त्यांच्यावर हीट गन एका जागी धरली तर ते प्लास्टिक मऊ होऊन वेडंवाकडं होतं. आणि थिनर किंवा ॲसिटोनने तर कधीच पुसू नका. पुसताना काच लख्ख दिसते, पण मग आतून केसासारख्या बारीक चिरा उमटतात आणि त्या कशानेही जात नाहीत. साबणाचं कोमट पाणी पुरतं. उरलेल्या ब्यूटाइलसाठी त्याच ब्यूटाइलचा गोळा करून त्यावर दाबत आणि उचलत राहायचं, जुना चिकटा त्या गोळ्याला लागून निघून येतो.

कड्याची खिडकी ठरावीक जाडीच्या भिंतीसाठी बनवलेली असते, म्हणून ती काढल्यावर लगेच भिंतीची जाडी मोजून चौकटीवरच मार्करने लिहा. हे कोणीच करत नाही. मग दुसऱ्या गाडीत ती ढिली तरी बसते नाहीतर स्क्रू पोचत नाहीत. आतलं कडं आणि बाहेरची चौकट एकत्र बांधून ठेवा, कारण वाटणीच्या गडबडीत कडं एकाच्या डिकीत आणि खिडकी दुसऱ्याच्या डिकीत गेलेली मी पाहिली आहे.

स्क्रूची डोकी बघून मगच पेचकस उचला. उत्तर अमेरिकी गाड्यांत चौकोनी खाचेचे स्क्रू सर्रास असतात. त्यात चौफुलीचा पेचकस फिरवून खाच घालवायची आणि मग कटर मागायचा, हा आळस आहे. कपाट हलत नसेल तर आणखी जोर लावू नका, कुठे स्क्रू राहिलाय ते शोधा. बऱ्याच गाड्यांत आतलं फर्निचर आधी बसवून भिंती नंतर उभ्या केलेल्या असतात, त्यामुळे काही स्क्रू पलीकडच्या बाजूने मारलेले असतात.

गॅसबद्दल मी वाद घालत नाही. सिलिंडर बंद करून गाडीपासून दूर नेल्याशिवाय बाकीचं काहीच सुरू करायचं नाही. जुना रेग्युलेटर आणि रबरी नळ्या कितीही चांगल्या दिसल्या तरी पुन्हा वापरायच्या नाहीत. शेगडी, हीटर काढून न्या, पण दुसऱ्या गाडीत बसवण्याआधी गॅसच्या जाणकार फिटरकडून तपासून घ्या.

गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या मागच्या नळ्यांत दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन असतो. तिथे कापायचं नाही, भोक पाडायचं नाही. अमोनियाचा उग्र वास आला किंवा नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर फ्रिज गळतोय. त्या पुडीत विषारी क्रोमेट असतं, तेव्हा उघड्या हाताने ती चाचपू नका. असा फ्रिज फुकट मिळाला तरी नको.

छतावरचा एसी आतून चार लांब बोल्टने आवळलेला असतो आणि अख्खाच्या अख्खा उचलता येतो. त्याच्या गॅसच्या नळ्या कापायचं काही कारणच नाही. वजन ४० किलोच्या आसपास, त्यामुळे वर दोघं हवेत आणि खाली कोणीही नको. पाणी मुरलेलं छत पायाखाली दबतं, तेव्हा आडवी फळी टाकून मगच वर चढा.

गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, जंतुनाशकाने भिजवून, मास्क लावून पुसून घ्या.

राहिली वाटणी. कोण काय नेणार हे पहिला स्क्रू काढायच्या आधी कागदावर लिहा. तोंडी ठरलेलं दुपारपर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि ज्याला पंप हवा असतो त्याच्या आधीच दुसऱ्याने पंपाची जाळी खिशात टाकलेली असते. पंप न्यायचा तर जाळीसकट, नळीच्या जोडांसकट आणि आतलं पाणी पूर्ण काढून न्या. आणि गाडी भंगारात जायच्या आधी प्रत्येक उपकरणावरच्या मॉडेल आणि सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो काढा. नंतर एखादा छोटा वायसर मागवायला गेलात तरी पहिल्यांदा तोच नंबर विचारतात.