थंडीत तगणारा हायब्रीड टी गुलाब करताय? मग आत्ताच, फ्रॉस्टच्या आधी, रोपांच्या ओळीतनं फिरून या

पहिल्या फ्रॉस्टला, म्हणजे दव गोठवणाऱ्या पहिल्या कडाक्याला, महिना-दीड महिना राहिला की गुलाबाचं ब्रीडिंग करणाऱ्या सगळ्यांचं लक्ष फळांवर असतं, पिकली का, कधी तोडायची, बी किती निघेल. ते काम आहेच, खाली सांगतो. पण त्याआधी वही-पेन्सिल घेऊन रोपांच्या ओळीतनं सावकाश फिरा, आणि कुठलं रोप वाढ थांबवायला लागलंय आणि कुठलं अजून लाल कोवळे शेंडे काढत बसलंय ते नंबरासकट लिहून घ्या. थंडी सोसणारं रोप निवडायचं असेल तर निम्मी निवड आत्ता होते, बर्फ वितळल्यावर फक्त निकाल कळतो.

कारण काय, तर थंडी सोसणं म्हणजे फक्त काडी दणकट असणं नाही, वेळेवर झोपी जाणं आहे. दिवस लहान होतात, रात्री गार होतात, तसं जंगली गुलाब शेंडा थांबवतो, काडी पक्की करतो, पेशींमध्ये साखर साठवतो, आणि मग कडाका आला तरी तग धरतो. हायब्रीड टी, म्हणजे लांब दांड्यावर टोकदार कळीचं मोठं फूल देणारा गुलाब, हे करत नाही, म्हणजे पुरेसं करत नाही. त्याच्या रक्तात चीनकडनं आलेले टी गुलाब आहेत, सौम्य हवेतले, जमेल तोवर फुलत राहणारे. १८६७ चा 'ला फ्रान्स' हा पहिला हायब्रीड टी मानतात, आणि तेव्हापासून आपण निवड केली ती सतत फुलण्याचीच, म्हणजे न थांबण्याची. मग तापमान उणे १०-१५ अंशांच्या खाली गेलं की आच्छादन नसलेल्या काड्या काळ्या पडतात यात नवल काय. आपल्याला हवंय ते दोन उलट दिशांना ओढणारं आहे, उन्हाळाभर फुलायचं आणि शरद लागला की ऐकायचं, थांबायचं. हे डोक्यात पक्कं असलं की पुढची बरीच कामं आपोआप समजतात.

तर ओळीत काय बघायचं. शेंडा बंद झालाय का, खालची पानं रंग बदलतायत का, आणि काटा मोडून बघा. पक्क्या काडीवरचा काटा बोटाने बाजूला ढकलला की टक्कन स्वच्छ तुटतो, कच्च्या काडीवरचा वाकतो किंवा साल घेऊन सोलतो. जुन्या माळ्यांची युक्ती आहे पण मला अजून यापेक्षा सोपी कसोटी मिळालेली नाही. पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा फिरा, एकदाच बघून काही कळत नाही, कारण एखादं रोप उशिरा थांबतं पण झपकन पक्कं होतं.

टेस्टच्या ओळींना, म्हणजे थंडीत कोण टिकतं ते बघायला लावलेल्या रोपांना, नत्र फ्रॉस्टच्या सहा-आठ आठवडे आधीच बंद झालेलं असायला हवं. अजून टाकत असाल तर आजपासून थांबवा. फुलं कापणंही थांबवा, फुलाचं फळ होऊ दे, फळ धरलं की झाडाला थांबायचा इशारा मिळतो. पाणी हळूहळू कमी करा, पण माती एकदम कोरडी ठेवून हिवाळ्यात शिरू नका, कोरड्या वाऱ्याने वाळून मेलेली काडी आणि गारठ्याने मेलेली काडी वसंतात सारखीच दिसते आणि मग तुमची नोंद चुकते.

आता फळं. परागीकरण करून साधारण साडेतीन-चार महिने झाले की फळ हिरव्याचं नारिंगी व्हायला लागतं. पूर्ण लाल आणि मऊ व्हायची वाट बघू नका, नारिंगी झालं की तोडा. थंड भागात खरी भीती ही की फळ पिकायच्या आधीच कडक फ्रॉस्ट येतो, फळ गोठतं आणि आतलं बी जातं. म्हणून संकर नेहमी पहिल्या बहरावर करायचे, दुसऱ्या बहरावर केलेले हमखास उशिरा पडतात. उशिराची फळं राहिली असतील आणि आईझाड कुंडीत असेल तर कुंडीच आत घ्या. जमिनीत असेल तर रात्री झाका. आईबापांना जपायला काही हरकत नाही, जपायचं नाही ते पोरांना, म्हणजे त्यांच्या बियांतनं आलेल्या रोपांना.

फळ चिरून बी काढा, गर नीट धुवा, गर राहिला तर बुरशी येते. पाण्यात टाकून तरंगलेलं बी फेकायची पद्धत आहे, बरंचसं पोकळ असतं हे खरं, पण महत्त्वाच्या संकराचं तरंगतं बीसुद्धा मी फेकत नाही, त्यातलंही थोडं उगवतं. मग ओलसर, पिळून घेतलेल्या टिश्यू पेपरात किंवा ओल्या पीटमध्ये, झिप पिशवीत घालून फ्रिजमध्ये ४ अंशाच्या आसपास ८ ते १२ आठवडे. दर आठवड्याला उघडून बघा. बुरशी दिसली तर अगदी पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन पेपर बदला. पिशवीतच मोड आलेलं बी लगेच बाहेर काढून लावा. आणि जंगली रक्त जास्त असलेल्या संकराचं बी पहिल्या वर्षी नाही आलं तर ट्रे टाकून देऊ नका, काहींना आधी उबदार काळ आणि मग थंडी असं दोन्ही लागतं, दुसऱ्या वसंतात उगवतात. मी सुरुवातीला असा एक अख्खा ट्रे रिकामा समजून कंपोस्टमध्ये ओतला होता, आणि पुढच्या वर्षी त्या ढिगातनं गुलाबाची रोपं वर आली, पण कुठल्या आईबापाची ते सांगायला काही उरलं नव्हतं. आजही वाईट वाटतं.

हिवाळ्यात हात रिकामे असतात तेव्हा पुढच्या वर्षीचे संकर कागदावर ठरवा, आणि इथे गुणसूत्रांचा हिशेब टाळून चालत नाही. हायब्रीड टी बहुतेक चतुर्गुणित, म्हणजे २८ गुणसूत्रांचे. रुगोसा हा जंगली गुलाब उणे ३५-४० ला पण टिकणारा, पानं निरोगी, कुणालाही मोह होईल असा, पण तो द्विगुणित, १४ चा. दोघांचा संकर केला की २१ चं रोप मिळतं आणि ते बहुधा वांझ निघतं किंवा जेमतेम थोडे चालणारे पराग देतं. लोक इथे चार-चार वर्षं अडकतात. त्यापेक्षा बाप म्हणून २८ वालाच थंडीचा गुलाब घ्या. रोझा स्पिनोसिसिमा, रोझा अर्कन्साना, मध्य आशियातला रोझा लॅक्सा हे सगळे चतुर्गुणित आहेत. लॅक्साबद्दल सावध राहा, कलमाचा खुंट म्हणून 'लॅक्सा' नावाने जो मिळतो तो वेगळाच गुलाब आहे, रोझा कॅनिना या दुसऱ्या जंगली गुलाबाच्या गोतातला, त्याचे पराग आणून लावले तर भलतंच होईल.

रुगोसाचं रक्त हवंच असेल तर कोर्डेसीच्या वाटेने घ्या. जर्मनीत विल्हेल्म कोर्डेस यांच्याकडे 'मॅक्स ग्राफ' नावाचा रुगोसा-विचुराना संकर होता, जवळजवळ वांझ, त्याला कशीबशी बी धरली आणि त्यातल्या एका रोपाची गुणसूत्रं आपोआप दुप्पट होऊन ते २८ चं झालं. १९५१ मध्ये त्याला रोझा कोर्डेसी असं नाव मिळालं. कॅनडाच्या सरकारी संशोधनातनं फेलिसिटास स्वेज्दा यांनी काढलेल्या एक्सप्लोरर मालिकेतले 'जॉन कॅबट', 'विल्यम बॅफिन' हे त्याच कोर्डेसीच्या वंशातले. थंडीला जबरदस्त, पण फूल हायब्रीड टीचं नाही, झुबक्यात येणारं आहे. म्हणजे ते तुमचं उत्तर नव्हे, चांगला बाप मात्र आहेत.

मग फुलण्याचा प्रश्न. वर्षातनं पुन्हापुन्हा फुलणं हा गुण दबका आहे. स्पिनोसिसिमासारख्या एकदाच फुलणाऱ्याशी हायब्रीड टी जोडला की पहिल्या पिढीतलं एकही रोप पुन्हा फुलणारं निघत नाही, आणि वर ती रोपं पहिलं फूल दाखवायलाच दोन-तीन वर्षं घेतात. इथे धीर सोडून रोपं उपटू नका, गुण गेलेला नाही, आत लपलाय. त्या रोपाला परत हायब्रीड टीचे पराग दिले तर हिशेबाने साधारण सहातलं एक रोप पुन्हा फुलणारं मिळतं. तीच पहिल्या पिढीची दोन रोपं एकमेकांत जोडली तर छत्तीसातलं एक. एवढा फरक पडतो, म्हणून जागा थोडी असेल तर परत हायब्रीड टीकडेच जा. फक्त दर पिढीला तिकडेच जाऊ नका. फुलाचा आकार, ती लांब टोकदार कळी, लांब दांडा, हे सगळं परत येतं खरं पण थंडी सोसणं एका जनुकाचं काम नाही, अनेकांचं मिळून आहे, दर वेळी थोडं थोडं गळत जातं. माझं मत असं की एकदा मागे हायब्रीड टीकडे जा, पुढच्या वेळी थंडीच्या दोन वेगवेगळ्या वंशातली चांगली रोपं एकमेकांत जोडा, मग परत फुलाच्या आकाराकडे वळा. तीन-चार पिढ्या लागतात, आणि याला आडवाट नाही. 'पीस' सारख्या गुलाबाचा संकर १९३५ चा आणि बाजारात यायला १९४५ उजाडलं, मधे महायुद्ध होतं हे धरलं तरी.

पिवळा रंग आणायचा असेल तर थोडं थांबून विचार करा. हायब्रीड टीतला गडद पिवळा पेर्ने-दुशे या फ्रेंच ब्रीडरने 'पर्शियन यलो' नावाचा गुलाब वापरून १९०० च्या 'सोलेय द'ऑर' मधून आणला, आणि रंगाबरोबर काळ्या ठिपक्याचा रोगही घरात आला. ठिपक्याने ऑगस्ट-सप्टेंबरातच पानं गळालेलं झाड साखर साठवणार कशातनं? ते हिवाळ्यात मरतं आणि आपण दोष थंडीला देतो. म्हणून टेस्टच्या रोपांवर फवारणी नको. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत ग्रिफिथ बक यांनी हेच केलं, फवारणी नाही, हिवाळ्यात झाकणं नाही, जे राहील ते राहील. 'केअरफ्री ब्यूटी' हा १९७७ चा त्यांचा गुलाब त्यातनंच आलेला.

हिवाळ्यात टेस्टची ओळ झाकायची नाही हे मनाला लागतं, मला माहितीये, दोन वर्षं हातावर वाढवलेलं रोप उघड्यावर सोडायचं. पण झाकलं तर तुम्ही आच्छादनाची परीक्षा घेतली, रोपाची नाही. बर्फाचंही तसंच, बर्फ म्हणजे जाड रजई, त्याच्याखाली हवा उणे २५ असली तरी जमिनीलगत बरंच कमी गार असतं. बर्फ साठून राहतो त्या कोपऱ्यातलं रोप वाचलं म्हणून खूश होऊ नका. वाऱ्याने बर्फ उडून जातो अशी ओळ निवडा, किंवा बर्फ किती उंच होता ते काठी रोवून लिहून ठेवा. आणि रोपं स्वतःच्या मुळावरचीच टेस्टला लावा. डोळा भरलेलं, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर बांधलेलं, रोप वरनं मेलं की खालनं खुंट फुटतो आणि काही महिने आपण त्यालाच आपलं रोप समजून बसतो, शिवाय खुंट झाडाच्या झोपेवरही परिणाम करतो. प्रत्येक चांगल्या रोपाची दोन-तीन फाटे कलमं मात्र आत सुरक्षित ठेवा, म्हणजे बाहेरचं गेलं तरी वंश जात नाही आणि तुम्हाला निर्दयपणे निवड करता येते.

बर्फ गेल्यावर घाई करू नका. काडी हिरवी दिसते म्हणून जिवंत असते असं नाही, आणि उशिराच्या ऊन-गारठ्याच्या खेळात बऱ्याच काड्या त्यानंतर मरतात. डोळे फुगायला लागले की मगच शेंड्याकडनं कापत या, आतला गाभा पांढरा-हिरवट लागेपर्यंत, आणि जिवंत काडी जमिनीपासून किती सेंटिमीटर उरली ते लिहा. दोन वेगळे आकडे ठेवा, काडी किती वाचली आणि बुंध्यातनं फुटवा आला का. हायब्रीड टी नव्या फुटव्यावर फुलतो, त्यामुळे बुंधा वाचला तरी फूल मिळतं, पण दरवर्षी जमिनीपासून उठणारं झाड हळूहळू खंगतं. दोन-तीन हिवाळ्यांनंतर ज्याची २५-३० सेंटिमीटर काडी सातत्याने वाचते आणि कळी टोकदार आहे, ते ठेवण्यासारखं. एका सौम्य हिवाळ्यावर कुणाला पास करू नका.

मग ती शरदातली वही काढा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. लवकर थांबलेली रोपं आणि वाचलेली रोपं बरीचशी तीच निघतील. जी उशिरा थांबूनही वाचली त्यांच्यावर लाल खूण करा, कारण सतत फुलणं आणि थंडी हे दोन्ही एका झाडात बसवायचं तर पुढचा संकर त्यांच्यावरनंच करायचाय.

परागीकरण करताना फूल उमलायच्या आदल्या दिवशी पाकळ्या आणि पुंकेसर काढायचे, परागकोश कागदावर सावलीत वाळवायचे, दुसऱ्या दिवशी कुक्षी चिकट झाली की बोटाने किंवा ब्रशने पराग लावायचे, इतकंच आहे, त्यावर बहराच्या वेळी सविस्तर बोलू. आत्तापुरतं रोपांवरचे टॅग तपासा. मार्करची शाई एका हिवाळ्यात उडते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर टोकदार खिळ्याने दाबून नंबर लिहा, आणि तीच यादी घरातही एक कॉपी ठेवा.