बंदूक वारसाने येते, परवाना येत नाही: या चुका टाळा

आमच्या वाडीत एका घरी आजोबा गेले. दिवसकार्य आटोपलं, सातबाऱ्यावर वारसनोंद झाली, बँकेची कामंही झाली. माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूक मात्र तशीच राहिली. रानडुकरांपासून शेती राखायला त्यांनी परवाना काढला होता. दीड वर्षाने नूतनीकरणाची तारीख कुणाच्या तरी नजरेस पडली आणि घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

'बाबांची बंदूक म्हणजे आता आमची' हा समज सगळ्यात महागात पडतो. मालकी वारसाकडे येते, पण परवाना माणसाच्या नावाचा असतो आणि तो त्याच्याबरोबरच संपतो. मृत्युपत्रात 'बारा बोअरची बंदूक थोरल्याला' असं लिहिलं, तरी थोरल्याला स्वतःचा परवाना मिळेपर्यंत ती घरात ठेवता येत नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल 2 ते 5 वर्षं कैद होऊ शकते. खंडेनवमीला पूजेसाठी नुसती बाहेर काढली, ही सबब चालत नाही.

म्हणून निधनानंतर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ती जमा करा. आधी ठाण्यात कळवा, नेण्याची पद्धत विचारा आणि पावती घ्या. जमा केली म्हणजे गेली, या भीतीनेच लोक गप्प बसतात. तसं नसतं. वारसाला परवाना मिळाला की बंदूक परत घेता येते, नको असेल तर परवानाधारकाला विकून पैसे घेता येतात. मात्र ठरलेली मुदत उलटू दिली तर ती सरकारजमा होऊ शकते. निवडणुकीच्या काळात जमा केलेली बंदूक ठाण्यातच राहिली आणि मालक गेले, असंही घडतं. तेव्हा कपाटातली जुनी पावती शोधा.

काडतुसं हमखास विसरली जातात. त्यांनाही परवाना लागतो. कपाटाचे खण, जुन्या कोटाचे खिसे, सगळं तपासा.

संग्रह मोठा असेल तर आणखी एक अडचण. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने आल्या तरीही. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत त्याच्या नावे तिसरी लिहून ठेवू नका. 'पणजोबांची आहे, तिला कसला परवाना' हेही धोक्याचं. सूट आहे ती जुन्या किंवा मोडक्या, पण दुरुस्त करूनही चालू शकणार नाहीत अशाच शस्त्रांना.

खरं तर हे सगळं मालकाने हयातीतच उरकावं, असं मला कळकळीने वाटतं. 2016 च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे: वयाची 70 वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षं झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मुलगा-मुलगीच काय, सूनही वारस म्हणून चालते. वय किमान 21 हवं, पोलीस चौकशी होते. इतर वारसांची ना हरकत लागते, आणि वडील समोर बसलेले असताना भावंडं जितक्या सहज सह्या करतात, तितक्या नंतर करतीलच असं नाही.

आणि परवान्याच्या वहीत एक कागद घालून ठेवा: बंदुकीचा नंबर, परवान्याचा युआयएन (म्हणजे त्याचा ओळख क्रमांक), काडतुसं किती आणि कुठे, कुलपाची किल्ली कुणाकडे. आमच्या वाडीतल्या त्या घरात किल्ली सापडायलाच चार दिवस गेले होते.