पाठ भिंतीला टेकली तेव्हा लेन्स कळली

परभणीत एका फोटो स्टुडिओत कामाला लागलो तेव्हा माझ्याकडं कॅननची क्रॉप सेन्सरची बॉडी, म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर लहान असलेला कॅमेरा, आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स होती. पहिल्या लग्नसीझनचे पैसे हातात पडले आणि मी ५० एमएम एफ १.८ घेतली. एमएमचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं आणि फ्रेममध्ये कमी मावतं, एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त येतो. ज्याला विचारावं तो तीच सांगत होता. स्वस्त आहे, हलकी आहे, मागचं सगळं मऊ होऊन चेहरा उठून येतो. यातलं काहीच खोटं नव्हतं.

चौथ्या दिवशी मानवतजवळच्या एका खेड्यात हळदीची ऑर्डर होती. जुनं माळवदाचं घर. नवरीला माजघरात पाटावर बसवलेलं, खोली दहा बाय बाराची, आणि भोवती पंधरा-वीस बाया. मी पाठ भिंतीला टेकवली, धान्याच्या पोत्यांना खेटून उभा राहिलो, तरी फ्रेममध्ये नवरीचा चेहरा आणि एका मावशीचा हात, बस्स. कॅननच्या क्रॉप बॉडीवर ५० एमएम लावली की फुल फ्रेमवरच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरवरच्या, ८० एमएमएवढंच दिसतं, सेन्सर लहान असल्यामुळं १.६ पटीचा फरक पडतो. हे मी वाचलेलं होतं. नवरीची आजी कोपऱ्यातून उठून हळद लावायला पुढं आली. आजीचा चेहरा, तिचा थरथरता हात आणि नातीचा गाल, तिन्ही एकाच फोटोत हवे होते. मला बोटं आणि गाल मिळाले. किट लेन्स चढवेपर्यंत आजी परत कोपऱ्यात जाऊन बसली होती. त्या घरच्या अल्बमात तो फोटो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या रात्री मी एक काम केलं, ते तुम्ही लेन्स घ्यायच्या आधी करा. किट लेन्सनं काढलेले सीझनभराचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि कुठला फोटो किती एमएमवर काढलाय ते बघत गेलो. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो आकडा नोंदलेला असतो. लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर असेल तर फिल्टर लावून लगेच कळतं. माझे बहुतेक फोटो १८ ते २४ च्या मधले निघाले. आपल्याकडची घरं, ओसऱ्या, स्टेजपुढची गर्दी, सगळीकडं मी जवळ उभा राहून काढत होतो, आणि लेन्स मात्र लांबून बघणारी घेतली होती. तुमचे फोटो ५० च्या आसपास निघाले तर डोळे झाकून ५० घ्या.

मग टॅमरॉनची १७-५० एफ २.८ घेतली, तीही जुनी. क्रॉप बॉडीवर लग्नाचं काम करणाऱ्याला मी आजही पहिली हीच सुचवतो. १७ ला अख्खं माजघर मावतं, ५० ला नवरीचा चेहरा भरून येतो, आणि झूम कुठंही असो, अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, २.८ च राहतं. किट लेन्स ५५ ला नेली की ५.६ वर येते. संध्याकाळी मांडवातला उजेड उतरायला लागतो तेव्हा या दोन आकड्यांतला फरक म्हणजे चौपट उजेड. मंगलाष्टका संपून अक्षता पडतात तो क्षण परत मिळत नाही, अन् त्या वेळी लेन्स बदलायला हात रिकामे नसतात.

म्हणून ५० एमएम वाया गेली असं समजू नका. तिची किंमत मला अजिंठ्यात कळली. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, चित्रं जपायची आहेत. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर किट लेन्सवर शटर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत खाली येत होतं, हात हलला की फोटो गेला. ५० लावून १.८ वर आणली. ५.६ पेक्षा जवळपास दहापट उजेड आत येतो, म्हणजे शंभराव्या भागावर काम होतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० होता, थोडी ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आली, पण पद्मपाणीच्या अर्धवट मिटलेल्या पापण्या स्पष्ट आल्या.

एक सावधगिरी मात्र बाळगा. दीड मीटरवरून १.८ ला फोटो काढला तर जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचा पट्टा फोकसमध्ये राहतो. नवरदेव पुढं आणि नवरी अर्धी मागं असेल तर एकाचे डोळे चांगले आणि दुसऱ्याचे पुसलेले. जोडीचा फोटो असेल तर मी ४ वर जातो, घरच्यांचा असेल तर ५.६ वर. पूर्ण उघडं अपर्चर एकट्या चेहऱ्यासाठी ठेवतो.

वेरूळचं कैलास तर सगळं कुठं उभं राहता यावरच आहे. सोळाव्या लेण्याच्या अंगणात उभं राहिलं की कळस साधारण तीस मीटर वर, आणि मागं सरकायला जागा नाही. तिथं मी कॅननची १०-१८ लावतो. वजन २४० ग्रॅम, पिशवीत असल्याचं जाणवतही नाही. कॅमेरा वर उचलला की भिंती आत झुकतात, तेवढं सांभाळायचं. पण तेच कैलास शेजारच्या डोंगरावरून बघा. वरून खाली खोदत आणलेलं अख्खं मंदिर साध्या किट लेन्समध्ये मावतं. तिथं नवी लेन्स लागत नाही, चढायची तयारी लागते.

७०-२०० एफ २.८ मी अजून विकत घेतलेली नाही, सीझनला भाड्यानं आणतो. कॅननची यातली दुसरी आवृत्ती जवळपास दीड किलोची आहे आणि दिवसभर गळ्यात वागवली की मान सांगते. तरी पाठवणीला मला तीच लागते. नवरीचा बाप मांडवाच्या खांबाला धरून उभा असतो, कॅमेरा जवळ आला की तो डोळे पुसून घेतो. वीस-पंचवीस फुटांवरून काढलं तर त्याला कुणी बघतंय असं वाटत नाही. हा फोटो घरचे पुढं वर्षानुवर्षं उघडून बघतात.

१५०-६०० पण भाड्यानंच वापरली, नाथसागरावर रोहित पक्ष्यांसाठी. हिवाळ्यात पहाटे गेलो तर पिसं मोजता येतील असे फोटो आले. दहानंतर ऊन चढलं, पाण्यावरची हवा थरथरायला लागली आणि त्याच लेन्सचे फोटो मऊ पडायला लागले. तीन वेळा फोकस तपासला, लेन्समध्ये काही बिघाड नव्हता. इतक्या लांबून काढताना मधली तापलेली हवाच आड येते, तिथं महागडी लेन्सही काही करू शकत नाही.

निकॉनवाल्यांसाठी थोडं. डी ३००० आणि डी ५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. लेन्सवर नुसतं एएफ लिहिलं असेल तर ती हातानं फोकस करावी लागेल, आत स्वतःची मोटर असलेली एएफ-एस किंवा एएफ-पी बघा. एएफ-पी जुन्या बॉडीवर चालते का तेही विचारून घ्या. निकॉनच्या या बॉडींवर हळदीच्या खोलीत ३५ एमएम एफ १.८ मला ५० पेक्षा बरी वाटते.

जुनी लेन्स घेताना मोबाइलची टॉर्च मागच्या काचेतून मारा आणि पुढून तिरकं बघा. दोन-चार धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, त्यानं फोटोवर काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती लेन्स परत द्या, फंगस, म्हणजे बुरशी आहे ती. माझी एक लेन्स अशीच गेली. एका पावसाळ्यात ती कातडी पिशवीत, लोखंडी कपाटात दोन महिने बंद होती. आपला भाग कोरडा म्हणून मी निर्धास्त राहिलो, पण श्रावणात बंद कपाटात ओल धरतेच. साफ करून घेतली तर काचेवरचा थर खाल्लेला निघाला, उजेडासमोर फोटो पांढुरके यायला लागले. आता झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, पुड्यांचा रंग बदलला की नव्या घालतो, आणि काम नसलं तरी आठवड्याला लेन्स बाहेर काढून हाताळतो.

उन्हाळ्यात त्रास धुळीचा. शेतात, वावटळीत लेन्स बदलू नका. बदलायचीच असेल तर वाऱ्याकडं पाठ करा आणि बॉडीचं तोंड खाली ठेवा. देवगिरीच्या किल्ल्यावर अपर्चर ११ ठेवून आभाळ घेतलं की सेन्सरवरचा एकेक ठिपका दिसतो.

ती ५० एमएम सध्या माझ्यासोबत काम करणाऱ्या पोराकडं आहे. गेल्या हुरड्याला तो ती घेऊन सेलूकडं गेला होता. आगटीवर कणीस भाजणाऱ्या म्हाताऱ्याचा त्यानं काढलेला फोटो मी स्टुडिओच्या काचेत लावलाय. त्यात मागची ज्वारी नुसती हिरवी-पिवळी झालीय आणि म्हाताऱ्याच्या मिशीवरची राख तेवढी स्पष्ट दिसते.