एसटीपी चालू, तरी टँकर दारात: सोसायटीतल्या या चुका टाळा

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला देणारा प्लांट, रोज चालायचा. त्यात हवा सोडणारा ब्लोअर घरघरायचा, लॉगबुकात सह्या पडायच्या, विजेचं बिल तर न चुकता यायचं. तरी एप्रिल लागला की टँकर गेटवर हजर. सेक्रेटरीपद गळ्यात पडल्यावर एका रविवारी प्लंबरला घेऊन गच्चीवर गेलो आणि फ्लशच्या टाकीत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर बुडवला. आकडा जवळपास स्वयंपाकघरातल्या नळाएवढाच! प्रक्रिया केलेल्या पाण्याचा टीडीएस मूळ पाण्यापेक्षा जास्त असतो. म्हणजे आम्ही पिण्याचं पाणी फ्लश करत होतो.

सगळा घोळ फ्लोटचा, म्हणजे पाणी उतरलं की लाइन चालू करणाऱ्या तरंगत्या गोळ्याचा होता. या टाकीत दोन लाइन येतात, एक एसटीपीची आणि दुसरी अडीअडचणीला ताज्या पाण्याची. बसवणाऱ्याने ताज्या पाण्याचा फ्लोट वर आणि एसटीपीचा खाली ठेवलेला. टाकी चार बोटं उतरली की ताजं पाणी धावून यायचं, एसटीपीच्या पंपाची पाळीच येत नव्हती. शुद्ध केलेलं पाणी तळघरातल्या टाकीतून ओव्हरफ्लो होऊन ड्रेनेजमध्ये. फ्लोटची अदलाबदल करा: एसटीपीचा वर, ताज्या पाण्याचा अगदी खाली. ताज्या पाण्याच्या पाइपचं तोंड मात्र टाकीच्या काठाच्या वर, हवेतच ठेवा. ते पाण्यात बुडालं, तर लाइनमधला दाब गेल्यावर टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं.

याने किती फरक पडतो? इमारतींचं नियोजन करताना माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 45 लिटर फ्लशचं. 100 फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला 18,000 लिटर. दहा हजारी टँकर जवळजवळ दोन. दोन्ही लाइनवर मीटर लावा, मग लॉगबुकातल्या सह्यांवर विसंबावं लागणार नाही.

रात्री ब्लोअर बंद ठेवणं

ही खजिनदारांची लाडकी बचत. पण घाण खातात ते जिवाणू, आणि त्यांना रात्रीही हवा लागते. तासन् तास हवा तोडली की सकाळी पार्किंगमध्ये सडक्या अंड्याचा वास येतो. मग ऑपरेटर परफ्युमचे कॅन मागतो!

प्लांटची तब्येत बघायला लॅबच हवी असं नाही. एअरेशन टाकीतलं, म्हणजे ब्लोअर जिथे हवा सोडतो तिथलं, पाणी एक लिटरच्या मापपात्रात भरा आणि तीस मिनिटं हलवू नका. गाळ तपकिरी, ओल्या मातीच्या वासाचा, साधारण 250 ते 400 मिलीच्या खुणेपर्यंत बसलेला आणि वरचं पाणी नितळ असेल, तर ठीक चाललंय. गाळ काळा म्हणजे हवा कमी पडतेय. नुसताच पांढरा फेस आणि तळाला चिमूटभर गाळ, तर जिवाणू कमी किंवा डिटर्जंट जास्त. आमच्याकडे हे दिवाळीच्या साफसफाईत हमखास होतं, कारण घराघरांतून ॲसिड आणि ब्लीच एकाच आठवड्यात खाली उतरतं. अशा वेळी नवीन केमिकल विकत घेऊ नका. ॲसिड ओतणं थांबवा, ब्लोअर चालू ठेवा आणि शेजारच्या सोसायटीच्या निरोगी प्लांटमधून टँकरभर गाळ आणून सोडा.

पावसाचं पाणी फिल्टरमधून बोअरमध्ये जिरवत असाल, तर एवढंच, की गच्ची आणि पन्हळी मे महिन्यातच झाडून घ्या, आणि पहिल्या सरींचं पाणी फिल्टरकडे न वळवता सोडून द्या. पार्किंगमधलं तेलकट पाणी तर बोअरमध्ये कधीच नको. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतूनच फिरतं, वाळूतल्यासारखं गाळलं जात नाही.

बाथरूमचं नूतनीकरण

ही चूक फ्लॅटच्या आत होते, म्हणून कमिटीला दिसत नाही. टाइल्स बदलताना प्लंबर हाताशी असलेल्या फ्लशच्या लाइनवरूनच जेट स्प्रे काढून देतो, आणि घरातली माणसं एसटीपीचं पाणी अंगाला लावत बसतात. तपासणी सोपी आहे. आगाऊ नोटीस लावून गच्चीवरचा फ्लशचा व्हॉल्व्ह बंद करायचा, लाइनमधलं उरलेलं पाणी उतरू द्यायचं आणि घरोघरी जेट दाबून बघायचा. आमच्याकडे चार फ्लॅटमधले जेट कोरडे पडले. त्यातला एक फ्लॅट माझाच होता.