पाळी चुकण्याआधीचा महिना: कॅलेंडरवर मांडून पाहा

दिवस राहिल्यावर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करायच्या, ही रीत आपल्या सातारा जिल्ह्यातील अनेक घरांत आहे. ती कशी उशिराची ठरते हे समजून घ्यायचे असेल, तर स्वयंपाकघरातले दुधाच्या हिशेबाचे कॅलेंडर आणि पेन्सिल हाती घ्यावी. पाळी १ जूनला आली आणि चक्र २८ दिवसांचे आहे असे धरले, तर बीजांड १५ जूनच्या सुमारास फलित होते. तिथे पहिली खूण करावी.

दुसरी खूण १८ जूनवर करावी. तोवर गर्भ बीजांडात आईने भरून दिलेल्या शिदोरीवर जगतो. चार ते आठ पेशी झाल्यावर त्याची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर कामाला लागतात. प्रत्येक पेशीत जनुके तीच, सुमारे २०,०००. पण कोणती चालू आणि कोणती बंद, यावरून पाचव्या दिवसापर्यंत वारेच्या पेशी वेगळ्या आणि बाळाच्या वेगळ्या झालेल्या असतात. मिथाइल हा छोटा रासायनिक गट जनुकांना चिकटून ती चालू-बंद ठेवायला मदत करतो; शुक्राणू आणि बीजांडाकडून आलेल्या त्याच्या खुणा याच दिवसांत बऱ्याच अंशी पुसल्या जातात व गर्भ रुजण्याच्या सुमारास नव्याने उमटतात. हे मिथाइल पुरवणाऱ्या साखळीत फोलेट (गोळीतले फॉलिक ॲसिड हे त्याचेच रूप) आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात.

तिसरी खूण २९ जूनवर, म्हणजे पाळीच्या अपेक्षित तारखेवर, आणि चौथी, सर्वांत ठळक, १३ जुलैवर करावी. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती फलनानंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर फोलेट कमी पडले, तर ती नीट न मिटण्याचा धोका वाढतो. ‘अजून आठ-पंधरा दिवस वाट पाहू’ म्हणणाऱ्या घराला दवाखान्याची तारीख मिळते, ती बहुधा या खुणेच्या पुढची असते.

म्हणून मूल हवे असे ठरताच, किमान एक महिना आधीपासून पहिले १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. आधीच्या बाळाला अशा नळीचा दोष असेल, तर मात्रा बरीच वाढवावी लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. फिटसाठी व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असेल तर गर्भधारणेआधीच डॉक्टरांना भेटावे. ते जनुकांच्या नियमनात ढवळाढवळ करते आणि हा दोष होण्याची शक्यता वाढवते, मात्र ते स्वतःहून बंद करणे त्याहून धोक्याचे ठरू शकते.

कोरेगावचा वाघ्या घेवडा फोलेटसाठी उत्तम. तो भिजवून, नव्या पाण्यात पूर्ण शिजवावा आणि त्या पाण्यासकट आमटी करावी, कारण फोलेट पाण्यात उतरते. तरीही तो गोळीची जागा घेत नाही. माळकरी घरांत बी-१२ दूध-दह्यावरच अवलंबून असते, म्हणून त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. पुण्याजवळच्या गावांतील अभ्यासात, २००८ साली, गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीराकडून होणारा विरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेऊ शकणारी स्थिती, अधिक आढळला होता.

सासूबाईंच्या नजरेसमोरच्या कॅलेंडरवर अशा खुणा करणे अवघड वाटत असेल, तर त्या मनातच ठेवाव्यात आणि गोळ्यांची पट्टी चहाच्या डब्यामागे ठेवावी. सकाळी हात तिथे जातोच.