पक्षांतर शिकवायचंय? आधी भागाकार द्या

कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला नव्याने लागलेल्यांना मी एकच सांगतो: राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, पहिल्याच तासाला वाचून दाखवू नका. फळ्यावर आपल्या गोव्याचे आकडे लिहा. जुलै २०१९: काँग्रेसचे आमदार १५, भाजपमध्ये गेले १०. सप्टेंबर २०२२: आमदार ११, गेले ८. मग विचारा, दुसऱ्या खेपेला सातांवर का भागलं नाही?

एरवी मान वर न करणारी डिचोली-सत्तरीची पोरंही वहीत भागाकार मांडतात. दोन तृतीयांश आमदार विलीनीकरणाला राजी असले तरच अपात्रता टळते; अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सातावर थोडे, आठवा लागतोच. आता परिशिष्टाचा चौथा परिच्छेद हातात द्या. विलीनीकरण मूळ पक्षाचं व्हायला हवं, की आमदारांनी ठरवलं की झालं? इथे वर्ग भांडतो. भांडू द्या. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या दहा जणांना अपात्र ठरवायला नकार दिला, तो निकाल भांडणानंतर काढा. आधी काढलात तर सगळे तो उतरवून घेतात आणि गप्प बसतात.

‘पण जातात कशाला?’ असं कुणीतरी विचारतंच. तेव्हा ९१वी घटनादुरुस्ती सांगा. मंत्रिमंडळाला आमदारसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण छोट्या राज्यात मंत्री बारापेक्षा कमी नसावेत. चाळीस आमदारांत बारा मंत्री! पुढचं पोरंच बोलतात.

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलासाठी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा. फूल ही विलीनीकरणाची निशाणी, दोन पानं विरोधाची. विलीनीकरणवादी ‘गोमन्तक’ आणि विरोधातला ‘राष्ट्रमत’, दोघांचे त्या काळचे अंक मिळवून शेजारी ठेवा. दोन्ही मराठीच. मराठी वाचणारा तो फुलावरच शिक्का मारणार, ही समजूत तिथेच ढिली होते. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आमच्या घरात फूल होतं, हे मी आधीच सांगून टाकतो; नाहीतर पोरं मास्तरचा कल शोधण्यातच तास घालवतात.

प्रकल्प मात्र ग्रामसभेचाच द्या. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात रविवारी ती भरते, आणि गावच्या मतदारयादीत नाव असलेला विद्यार्थी तिचा सभासदच असतो. भाषणं टिपायला लावू नका. मागच्या सभेत काय ठरलं, इतिवृत्तात काय उतरलं, आणि ते वाचताना कुणी हरकत घेतली, एवढंच एका पानात मागा. मताला गुण नाहीत, नोंदीला आहेत.

वर्गात एखाद्या पंचाची भाची निघतेच. तिला दुसरा विषय देऊ नका; इतिवृत्ताची प्रत सगळ्यांत आधी तीच आणते.