जुन्या मोटारसायकलची बॅटरी का उतरते? चार्जिंगचा दोष मोजून शोधण्याची पद्धत

जुन्या गाडीची बॅटरी वारंवार उतरू लागली की बहुतेक जण आधी नवी बॅटरी आणतात, मग रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बदलतात, आणि तरीही भागलं नाही तर वीज तयार करणारी कॉइल गुंडाळायला देतात. हा क्रम खर्चिक आहे आणि बहुतेक वेळा उलटाही. इतक्या वर्षांत आधी खराब होतात ते वायरींचे जोड, अर्थिंग (बॅटरीच्या एका टोकाची चासीशी जोडणी) आणि फ्यूज होल्डर. कॉइल आणि डायनॅमो (जुन्या गाड्यांतला डीसी वीज देणारा जनरेटर) त्या मानाने टिकाऊ असतात. म्हणून नियम एकच: मोजल्याशिवाय कोणताही भाग बदलायचा नाही. बॅटरीपासून सुरुवात करायची आणि एकेक टप्पा मागे जायचं.

लागणारं सामान थोडंच आहे. डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट, ओहम आणि डायोड टेस्ट असलेला मल्टीमीटर, दोन क्रोकोडाइल क्लिपा, वायर ब्रश, बारीक काचपेपर आणि तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. डिजिटल मीटरबाबत एक अडचण आधीच लक्षात घ्या. स्पार्क प्लगच्या कॅपमध्ये रेझिस्टर नसेल तर इग्निशनच्या लहरींमुळे मीटरचे आकडे वेडेवाकडे नाचतात. ५ किलोओहमची रेझिस्टर कॅप बसवा किंवा काट्याचा मीटर वापरा. नाहीतर नसलेला दोष शोधत बसाल.

काम सुरू करण्याआधी गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह, ते नक्की करा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं असतं, आणि बॅटरी उलटी लावली तर रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा, एकाच दिशेने करंट सोडणाऱ्या डायोडांचा संच) तत्क्षणी जातो. बॅटरी काढताना अर्थचा टर्मिनल आधी सोडा. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडू नका. बॅटरी नसली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि बल्ब, रेग्युलेटर, डायोड जे समोर येईल ते जळतं.

आधी बॅटरी

बाहेरच्या चार्जरवर बॅटरी पूर्ण भरा, दोन-तीन तास तशीच ठेवा आणि मग मोजा. १२ व्होल्टच्या बॅटरीला १२.६ किंवा थोडं जास्त हवं. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. ६ व्होल्टच्या बॅटरीसाठी हेच आकडे निम्मे धरा: भरलेली ६.३, अर्धी ६.१. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर घालून प्रत्येक सेल तपासा. बाकीचे १.२६५ च्या आसपास आणि एकच सेल ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी संपली.

नुसत्या व्होल्टेजवर मात्र विसंबू नका. इंजिन बंद ठेवून हेडलाइट पाच मिनिटं लावा. १२ ची बॅटरी १२ च्या वर आणि ६ ची ६ च्या वर टिकली पाहिजे. सल्फेट धरलेली (आतल्या प्लेटांवर क्षाराचा थर बसलेली) बॅटरी लोड नसतानाच्या मापात १२.६ दाखवते आणि लोड पडताच ढासळते. शिवाय अशी बॅटरी चार्जिंगला लावली की व्होल्टेज लगेच चढतं, त्यामुळे चार्जिंग उत्तम आहे असं वाटतं. म्हणूनच पुढची सगळी मापं चांगल्या, भरलेल्या बॅटरीवरच घ्या, हवी तर दुसऱ्या गाडीची उसनी घेऊन.

मग गळती बघा. चावी बंद, अर्थचा टर्मिनल सुटा, आणि मध्ये मीटर अँपिअरच्या मोठ्या रेंजवर. घड्याळ किंवा अलार्म नसलेल्या जुन्या गाडीत इथे जवळजवळ शून्य यायला हवं. २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त आलं तर रेक्टिफायरची वायर सोडून पुन्हा बघा. गळती थांबली तर एखादा डायोड उलट्या दिशेने करंट सोडतो आहे. डायनॅमोच्या गाडीत काही अँपिअर वाहताना दिसले तर कटआऊटचे (डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेत. बॅटरी डायनॅमोला मोटरसारखी फिरवायला बघते आहे. लगेच सोडा, नाहीतर आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा, गुंडाळ्यांचा भाग) जळेल.

इंजिन चालू करून

मीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. आयडलिंगला, मग २००० आणि ३५०० आरपीएमला मोजा. एकदा लाइट बंद ठेवून, एकदा लावून. निरोगी १२ व्होल्टची गाडी साधारण १४ ते १४.५ पर्यंत चढते आणि तिथेच थांबते. ६ व्होल्टची ७ ते ७.४ च्या आसपास.

आकडा बॅटरीच्या मूळ व्होल्टेजवरून हललाच नाही तर चार्जिंग पूर्ण बंद आहे. १३.२ पर्यंत चढून हेडलाइट लावताच खाली आला तर एखादी फेज (अल्टरनेटरच्या गुंडाळ्यांचा एक संच), एखादा डायोड किंवा एखादा जोड अर्धं काम करतो आहे. १५ ओलांडून जात असेल तर रेग्युलेशनमध्ये दोष आहे, आणि त्याची लक्षणं आधीच दिसलेली असतात: बॅटरीतलं पाणी सारखं कमी होतं, बल्ब उडतात, टर्मिनलवर पांढरा क्षार जमतो.

हेडलाइटवरच्या अँमीटरबद्दल (करंट दाखवणाऱ्या मीटरबद्दल) गैरसमज फार आहे. बॅटरी भरलेली आणि लाइट बंद असताना काटा मध्याच्या थोडा पुढे असणं हेच बरोबर आहे. तो कायम शेवटाला टेकलेला असेल तर काळजी करा.

जोड आणि अर्थिंग

सर्वाधिक दोष इथे सापडतात, आणि सर्वात कमी तपासली जाते तीही हीच जागा. इंजिन ३००० आरपीएमवर, हेडलाइट चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक रेक्टिफायरच्या आउटपुटच्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टर्मिनलवर. जो आकडा येईल तितके व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत. ०.२ पर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर एकेक जोड ओलांडत मीटरचं टोक पुढे सरकवा. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारतो तो दोषी. मग हेच अर्थच्या बाजूला: रेक्टिफायर किंवा रेग्युलेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपर्यंत. तिथे ०.१ पेक्षा जास्त नको.

हे काम ओहमच्या रेंजवर होत नाही. दहातला एकच तार शाबूत असलेली वायरही मीटरला जवळपास शून्य ओहम दाखवते, कारण मीटर नगण्य करंट सोडतो. पाच अँपिअर वाहायला लागले की तीच वायर गरम होते आणि व्होल्ट खाते.

बुलेट कनेक्टर ओढून बघा. रबरी स्लीव्ह कडक झालेली असते, आतल्या पितळेवर हिरवी पूड असते, आणि इन्सुलेशन थोडं सोललं की तांबं काळं पडलेलं दिसतं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. चकचकीत तार दिसेपर्यंत वायर कापत मागे जा आणि नवा कनेक्टर लावा. जुनाच दाबून बसवला तर दोष महिन्याभरात परत येतो. नुकत्याच रंगवलेल्या चासीवर तर अर्थिंगवर आधी संशय घ्या. पावडर कोटिंगवर बोल्ट आवळला तर अर्थ मिळतच नाही. बोल्टखालचा रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, आणि शक्य असेल तर रेग्युलेटरपासून बॅटरीपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढा.

याच मुळाचा एक फसवा दोष १९७० च्या दशकातल्या अनेक जपानी गाड्यांत दिसतो. तिथे रेग्युलेटर बॅटरीचं व्होल्टेज इग्निशन स्विचमधून आलेल्या वायरीवर बघतो. स्विचच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टमध्ये ०.८ व्होल्ट गेले की रेग्युलेटरला बॅटरी तितकी कमी भरलेली वाटते आणि तो तितकंच जास्त चार्ज करतो. बॅटरी उकळते, रेग्युलेटर बदलला जातो, आणि काहीच फरक पडत नाही. बॅटरी आणि रेग्युलेटरची ती वायर यांच्यातला फरक मोजा. स्विच साफ करूनही तो राहत असेल तर स्विचने चालणारा रिले बसवून रेग्युलेटरला थेट बॅटरीवरून सप्लाय द्या.

डायनॅमोच्या गाड्या

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या धाटणीच्या ६ व्होल्ट डायनॅमोवर डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) असे दोन टर्मिनल असतात. इंजिन बंद करून दोन्ही वायरी सोडा, डी आणि एफ छोट्या वायरने जोडा, आणि मीटर त्या जोडापासून इंजिनच्या बॉडीपर्यंत लावा. इंजिन आयडलिंगवर सुरू करून हळूहळू वेग वाढवा. व्होल्टेज न थरथरता झरझर चढलं पाहिजे. १० व्होल्टच्या आत थांबा. आकडा चढत नाही म्हणून रेझ करू नका. आर्मेचरचं नुकसान होतं.

काहीच येत नसेल तर ब्रश बघा. अर्ध्या व्होल्टवर अडकलं तर फील्ड कॉइलवर (डायनॅमोतलं चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीवर) संशय घ्या, दीड-दोन व्होल्टवर अडकलं तर आर्मेचरवर. अर्धा व्होल्ट येतो तो लोखंडात उरलेल्या चुंबकत्वामुळे, म्हणजे आर्मेचर आणि ब्रश काम करतायत पण फील्ड साथ देत नाही. लुकास ई३एल या प्रचलित डायनॅमोच्या फील्डचा रेझिस्टन्स सुमारे २.८ ओहम असतो.

कार्बन ब्रश होल्डरमध्ये सहज सरकायला हवेत. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळा असेल तर पेट्रोलच्या फडक्याने पुसा आणि बारीक काचपेपरने घासा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आला असेल तर सुमारे ०.८ मिलिमीटर खाली खरवडा. अभ्रक वर राहिला की ब्रश उडतो आणि ठिणग्या पडतात.

बराच काळ पडून असलेल्या किंवा खोललेल्या डायनॅमोचं चुंबकत्व जातं किंवा उलटतं. इंजिन बंद ठेवून एफची वायर सोडा आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टर्मिनलवरून आणलेली वायर डायनॅमोच्या एफला दोन-तीन वेळा क्षणभर टेकवा. काही युरोपीय डायनॅमोंत फील्ड अर्थच्या बाजूने नियंत्रित होते, तिथे ही जोडणी चालत नाही. डायग्राममध्ये फील्डचं दुसरं टोक कुठे जातं ते बघूनच हात घाला.

डायनॅमो ठीक असेल तर रेग्युलेटर. ६ व्होल्टच्या लुकास रेग्युलेटर बॉक्समध्ये कटआऊट ६.३ ते ६.७ व्होल्टला मिटायला हवा, आणि बॅटरीची वायर सोडून मोजलेलं व्होल्टेज २० अंश तापमानाला ७.६ ते ८.० वर स्थिरावायला हवं. स्क्रू फिरवण्याआधी बॉक्सची अर्थ वायर तपासा. ती तुटली की कटआऊट मिटत नाही, बॅटरी चार्ज होत नाही, आणि डायनॅमो मात्र बेलगाम चालतो.

अल्टरनेटरच्या गाड्या

अल्टरनेटर एसी वीज देतो. स्टेटरचा (त्याच्या स्थिर गुंडाळ्यांचा) प्लग सोडून आधी ओहम मोजा. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारे ०.२ किंवा ०.३ वजा करायला विसरू नका. तीन वायरींच्या स्टेटरमध्ये तिन्ही जोड्या सारख्या, साधारण ०.१ ते १ ओहम यायला हव्यात, आणि कोणतीही वायर बॉडीला लागता कामा नये. अपवाद जुन्या फ्लायव्हील मॅग्नेटोचा: तिथे कॉइलचं एक टोक मुद्दाम अर्थ केलेलं असतं.

मग इंजिन चालू करून एसी व्होल्ट. तिन्ही जोड्यांचे आकडे वेगाबरोबर एकसारखे चढले पाहिजेत. एक मागे राहिली तर ती फेज गेली. लुकासच्या दोन वायरींच्या आरएम२१ अल्टरनेटरसाठी लोड देऊन मोजणं जास्त खात्रीचं: दोन वायरींमध्ये १ ओहम, १०० वॅटचा रेझिस्टर लावला तर ३००० आरपीएमला किमान ९ व्होल्ट एसी मिळावेत. स्टेटर शाबूत असूनही कमी आले तर रोटरचं (फिरणाऱ्या चुंबकाचं) चुंबकत्व उतरलंय.

रेक्टिफायर मीटरच्या डायोड रेंजवर तपासा. सिलिकॉन डायोड एका दिशेने साधारण ०.४५ ते ०.६५ दाखवतो, दुसऱ्या दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे आकडा आला तर शॉर्ट, कुठेच आला नाही तर ओपन. जुन्या सेलेनियम रेक्टिफायरच्या थाळ्यांना ही कसोटी लागू पडत नाही. त्या काढून सरळ ३५ अँपिअरचा सिलिकॉन ब्रिज लावा आणि तो धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवा.

झेनर डायोडच्या (जादा व्होल्टेज अर्थला सोडून देणाऱ्या डायोडच्या) गाडीत झेनरच्या वायरीत अँमीटर लावा, लाइट बंद ठेवा आणि वेग वाढवा. बॅटरीवर १२.७५ व्होल्ट होईपर्यंत करंट शून्य हवा. २ अँपिअर वाहतील तेव्हा व्होल्टेज १३.५ आणि १५.३ च्या दरम्यान हवं. त्याआधीच वाहू लागला तर झेनर तुमचं चार्जिंग पितोय. झेनरचा नट ताकदीने आवळू नका, तांब्याचा स्टड तुटतो.

ब्रश आणि रोटरचे अल्टरनेटर असलेल्या जुन्या बीएमडब्ल्यू बॉक्सरवर सगळं खोलण्याआधी चार्जिंगचा दिवा बघा. चावी लावल्यावर तो लागत नसेल तर रोटरला सुरुवातीचा करंटच मिळत नाही. बल्ब गेलेला असू शकतो किंवा रोटरची वायर तुटलेली.

सगळे भाग निर्दोष निघाले आणि तरीही बॅटरी उतरते, असंही होतं. मग हिशेब मांडा. ६० वॅटचा डायनॅमो पूर्ण वेगात सुमारे ६० वॅटच देतो आणि सिग्नलवर उभं असताना जवळपास काहीच नाही. ३५ वॅटचा हेडलाइट, मागचा दिवा आणि कॉइल इग्निशन मिळून तो संपतो. तिथे मागचा दिवा आणि मीटरचे बल्ब एलईडी करणं हाच उपाय.

दुरुस्तीनंतरची मापं थंड इंजिनावर घेऊन थांबू नका. स्टेटर आणि रोटरच्या गुंडाळ्या तापल्यावर उघडतात किंवा बॉडीला लागतात, आणि थंड झाल्या की पुन्हा नीट दाखवतात. वीस मिनिटं गाडी फिरवून आणा आणि इंजिन गरम असतानाच बॅटरीवरचं व्होल्टेज, एसी आणि स्टेटर ते बॉडी ही तीन मापं परत घ्या.